जेट बोटीला मोटेची सोंड

इंजिन बंद असताना नॉझल एका बोटाने वळत होते. इंजिन सुरू होऊन पंपाने पाणी धरले, की तेच नॉझल दोन माणसांनी दांडा ओढला तरी जागचे हलत नसे. अकोल्याच्या सरकारी यार्डात हा प्रकार सलग तिसऱ्या दिवशी चालू होता. बोट अजून लाकडी ठोकळ्यांवर होती. पंपाचे तोंड सिमेंटच्या हौदात सोडले होते, आणि मागच्या नॉझलमधून निघणारी धार परत त्याच हौदात पडत होती.

"सर," महादू भोई म्हणाला, "हे तं अडेल बैलासारखं करून राहिलं. रिकामं असलं का चालते, जुंपलं का बसते."

मी वहीत नोंद केली: 'दाबाखाली वळत नाही.' महादूचे वाक्य अधिक अचूक होते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

मी त्या वेळी अमरावतीच्या एका तांत्रिक संस्थेत वर्कशॉप इन्स्ट्रक्टर होतो. जिल्हा परिषदा नुकत्याच स्थापन झाल्या होत्या, त्या सुमाराची ही गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला अकोल्याच्या एका डेप्युटी इंजिनिअरसाहेबांनी बोलावून घेतले होते. काम असे होते. पूर्णा नदीच्या दक्षिणेस एक मोठे गाव होते. तेथे आरोग्य खात्याचे उपकेंद्र होते आणि कमलबाई नावाच्या नर्स होत्या. नदीच्या उत्तरेकडील टाकळी आणि आणखी तीन गावेही त्यांच्याकडेच होती. पावसाळ्यात ही चार गावे तुटत. बोटीची खात्रीची सोय झाली नाही, तर ती गावे उत्तरेच्याच दुसऱ्या केंद्राला जोडायची, असे खात्यात ठरत आले होते. नकाशावर ते केंद्र अठरा मैलांवर होते. पावसाळ्यात काळ्या मातीतून अठरा मैल म्हणजे किती, हे नकाशावर लिहिलेले नसते. थोडक्यात, त्या चार गावांतील बायकांना बाळंतपणात नर्स मिळणार की नाही, एवढाच प्रश्न होता.

आदल्या वर्षी तेथे इंजिनाची बोट होती. तिला नेहमीसारखा पाण्याखाली फिरणारा पंखा होता. आपल्याकडे कापूस वेचून झाला, की पऱ्हाट्या उपटून सरपणासाठी गंज्या रचून ठेवतात. पूर आला, की काठावरच्या गंज्या नदीत येतात. या पऱ्हाट्या पंख्यात अडकत आणि इंजिन जागीच बंद पडे. एकदा कमलबाई बोटीत असतानाच असे झाले. बोट वाहत जाऊन एका बाभळीला अडकली आणि दोन तास तेथेच राहिली. कमलबाई टाकळीला महादूच्या सुनेच्या बाळंतपणासाठी निघाल्या होत्या. त्या पोहोचल्या, तेव्हा मूल गेले होते. महादूने हे मला एकदाच सांगितले, तेही इंजिन चालू असताना, पाना हातात धरून. तो त्या घाटावरचा नावाडी होता आणि नवी बोट तोच चालवणार होता.

"पंखाच नको," डेप्युटीसाहेब मला पहिल्या भेटीत म्हणाले होते. "पंख्याशिवाय बोट चालते का, मास्तर?"

मी त्यांना आमच्या ग्रंथालयातले एक परदेशी मासिक दाखवले. त्यात उथळ नदीतून जाणाऱ्या एका बोटीचा फोटो होता. तिला पंखा नव्हता. पंप खालून पाणी ओढतो आणि मागे जोराने फेकतो, त्या धक्क्याने बोट पुढे जाते, असे खाली लिहिले होते. वर्गात मी हे फुग्याने समजावतो. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडला, की हवा मागे जाते आणि फुगा पुढे पळतो. हवेच्या जागी पाणी समजावे, म्हणजे झाली जेट बोट.

"आणि वळवायची कशी?"

"ज्या नळीतून धार बाहेर पडते, तिला नॉझल म्हणतात. नॉझल डावीकडे केले, की बोट डावीकडे वळते. सुकाणू लागत नाही."

साहेबांनी फोटो उजेडात धरला. "यात नॉझल कुठे आहे?"

"दिसत नाही. फोटो पुढून काढला आहे."

"म्हणजे नेमका तोच भाग आपण बनवायचा."

"हो, साहेब."

बोटीचा सपाट तळाचा लोखंडी सांगाडा खात्याकडे होता. मोडीत काढलेल्या जीपचे इंजिन मिळाले. शेतीचा मोठा पंप त्याला सरळ जोडला. पंपाच्या तोंडावर पऱ्हाट्या अडवण्यासाठी सळ्यांची जाळी बसवली. एवढे काम तीन आठवड्यांत झाले. नॉझलचे काम मी स्वतःकडे ठेवले होते, कारण ते मला सर्वांत सुबक करायचे होते.

मी केलेली रचना अशी होती. लोखंडी वाटीत एक पोकळ गोळा बसवायचा. पाणी वाटीतून गोळ्यात येईल आणि गोळ्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या नॉझलमधून बाहेर जाईल. गोळा वाटीत फिरेल, म्हणून नॉझल हवे तिकडे वळेल. गोळा वाटीतून निसटू नये म्हणून वरून एक कडे, आणि फटीतून पाणी गळू नये म्हणून चरबी लावलेल्या सुती दोरीचे पॅकिंग. अमरावतीच्या लेथवर हा गोळा करायला मला नऊ दिवस लागले. विद्यार्थ्यांना दाखवावा असा तो झाला होता. सुट्टीत तेथेच राहिलेल्या दोघा-तिघांना मी तो दाखवलाही होता.

चूक कुठे होती, ते हौदावर कळले. नॉझलमधून जाणारे पाणी गोळ्याला वाटीबाहेर ढकलते. पंप जितका जोरात, तितका गोळा कड्यावर घट्ट दाबला जातो. मग तो वळत नाही. कडे सैल केले, की गोळा वळे, पण फटीतून पाण्याचा फवारा उडे. तो फवारा नेमका इंजिनाच्या डिस्ट्रिब्यूटरवर येई. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे पेट्रोल इंजिनातला विजेची ठिणगी वाटून देणारा भाग. तो भिजला, की इंजिन बंद. आणि जेट बोटीत इंजिन बंद म्हणजे धार बंद, धार बंद म्हणजे वळणेही बंद. घट्ट केले तर बोट वळत नाही, सैल केले तर चालत नाही. मधली स्थिती मी तीन दिवस शोधत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कडुनिंबाखाली भाकरी खात बसलो होतो. महादू हौदाकडे पाहत म्हणाला, "सर, तुमी मोट पाह्यली ना?"

"पाहिली आहे."

"मोटेची सोंड?"

ज्या वाचकांनी मोट पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीतून पाणी काढायची ती चामड्याची मोठी पिशवी. नाडा म्हणजे जाड दोर बांधून बैल ती वर ओढतात. तिला खाली हत्तीच्या सोंडेसारखी चामड्याची नळी असते. मोट वर येत असताना ही सोंड वरच्या बाजूस दुमडलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट विहिरीच्या तोंडाशी आली, की सोंड सरळ होते आणि पाणी पाटात पडते. त्या काळी विहिरींवर नुकती इंजिने येत होती आणि जुन्या मोटा गोठ्यांत टांगलेल्या असत.

"सोंड दुमडते, सरळ होते, अन् गळत नाई," महादू म्हणाला. "बापाच्या वक्तापासून पाहून राहिलो. तुमच्या गोळ्यापरीस थे बरं."

मी त्याला समजावले, की चामड्याची नळी वळेल, पण जेटचा जोर तिला सोसणार नाही. ती पहिल्याच धक्क्याला फाटेल.

"जोर कावून द्यायचा तिले?" महादू म्हणाला. "मोटेचं वजन सोंडीवर असते का? वजन नाड्यावर असते. सोंड फक्त पानी नेते."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. मी एकाच भागाकडून दोन कामे करून घेत होतो. जोर त्यानेच सोसायचा आणि पाणीही त्यानेच अडवायचे. विहिरीवर ही दोन कामे पहिल्यापासून दोघांकडे वाटलेली होती. ही गोष्ट यंत्ररचनेच्या पहिल्या धड्यात असते. ती मी दर वर्षी शिकवत होतो.

नवी रचना दोन दिवसांत झाली. पंपाच्या नळाच्या वर आणि खाली एकेक जाड लोखंडी पट्टी पुढे काढली. त्या पट्ट्यांत उभ्या खुंट्या घालून नॉझल टांगले, दाराच्या बिजागरीसारखे. सगळा जोर या खुंट्यांवर. नळ आणि नॉझल यांच्यामधल्या वीतभर जागेत चामड्याची सोंड, दोन्ही टोकांना पट्टीने आवळलेली. दाबाने ती फुगू नये म्हणून वरून चार सैल लोखंडी कड्या. महादूने टाकळीहून आपल्या जुन्या मोटेची सोंड आणली. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या मोच्याने ती मापात कापून पुन्हा शिवली. शिवताना तो मला म्हणाला, "साहेब, बैल कुठं जुंपता?" मी इंजिनाकडे बोट दाखवले. त्याने इंजिनाकडे पाहिले, सोंडेकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

डेप्युटीसाहेबांना मात्र विचारणे भाग होते. "मास्तर, मी कागदावर काय लिहू? सरकारी बोटीला मोट बसवली?"

"फ्लेक्सिबल कपलिंग, लेदर, लोकल मेक," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतले. "एवढं इंग्रजी असलं म्हणजे कोणी उलगडून पाहत नाही," ते म्हणाले.

इंजिन सुरू केले. पंपाने पाणी धरले. सोंड ताठ झाली. मी महादूला दांडा धरायला सांगितले. त्याने तो एका हाताने डावीकडे नेला, उजवीकडे नेला. धार हौदाच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेली. एक थेंब गळला नाही.

"आता जुंपल्यावर चालते," महादू म्हणाला.

जूनच्या अखेरीस बोट पूर्णेत उतरवली. पाणी मध्यम होते. बोट सहा-सात मिनिटांत पलीकडे गेली आणि परत आली. एकच शिकवण्यासारखी गोष्ट निघाली. नावाड्याची सवय अशी, की काठ जवळ आला, की वल्हे उचलायचे आणि नाव आपोआप लागू द्यायची. महादूही काठाजवळ थ्रॉटल सोडून देई. थ्रॉटल म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करण्याचा खटका. तो सोडला, की धार जाते आणि बोट कोणाचेच ऐकत नाही. पहिल्या दिवशी महादूने दोनदा बोट बाभळीत घातली.

"उतरायचं असलं तं हळू व्हाव लागते ना बाप्पा," तो काटे काढत म्हणाला. "ही तं म्हणते, हळू होसान तं मी नाई वळत."

"तसेच आहे. वळून होईपर्यंत इंजिन सोडायचे नाही."

"बरं हाय. बायकोसारखी नाई, सासूसारखी हाय."

दोन दिवसांत त्याला हात बसला. कमलबाई एकदा पलीकडे जाऊन आल्या. त्या फार बोलत नसत. उतरताना एवढेच म्हणाल्या, "सर, ही सांगितलं तिकडे जाते." आरोग्य खात्याचे डॉक्टरसाहेब ऑगस्टमध्ये स्वतः येऊन पाहणार होते. त्यांच्यासमोर कमलबाई बोटीतून टाकळीला गेल्या आणि परत आल्या, तर चार गावे त्यांच्याकडे राहणार होती. तसे पत्रच होते.

माझी सुट्टी संपली होती. अमरावतीला परतण्यापूर्वी मी महादूसाठी एक जाड पुठ्ठा तयार केला. त्यावर सुवाच्य अक्षरात बोटीच्या निगेच्या अकरा सूचना लिहिल्या. महादू चौथीपर्यंत शिकला होता. त्याने त्या मला मोठ्याने वाचून दाखवल्या. त्याचे वाचन चांगले होते. सातव्या सूचनेवर तो किंचित थांबला, पण मला वाटले, अक्षर लागले नसेल.

ऑगस्टमध्ये मी रजा काढून घाटावर गेलो. त्याआधी दहा-बारा दिवस चांगली उघडीप होती, ऊन कडक होते. आदल्या दिवशी वर कुठेतरी पाऊस झाल्याने नदी चढली होती. काठावर डेप्युटीसाहेब, डॉक्टरसाहेब आणि गावातली मंडळी उभी होती. मी नियमाप्रमाणे बोट तपासली. तेल ठीक, जाळी ठीक, खुंट्या ठीक. दांडा हलवून पाहिला, तो थोडा जड वाटला. मी वहीत लिहिले: 'दांडा किंचित जड. नवीन रंगामुळे असावा.' महादूने खुंट्यांना नुकताच रंग दिला होता. कारण मिळाले, की मनुष्य पुढे शोधत नाही.

महादू दांड्यावर, मी इंजिनापाशी, कमलबाई मध्ये आपली पेटी घेऊन. आम्ही निघालो. अर्धी नदी ठीक गेली. मधल्या धारेत पाण्याची ओढ वाढली, म्हणून महादूने बोटीचे नाक येणाऱ्या प्रवाहाकडे करण्यासाठी दांडा पूर्ण दाबला. त्याच क्षणी मागे कापड फाटावे तसा आवाज झाला. सोंड वरच्या शिवणीजवळ उलली होती, चांगली चार बोटे. त्या चिरेतून पाण्याचा फवारा उडाला आणि सरळ इंजिनावर आला. इंजिन खोकू लागले.

खाली अर्ध्या मैलावर जुना रपटा होता. रपटा म्हणजे नदीतून जाणारा सखल दगडी रस्ता. तो तेव्हा पाण्याखाली होता आणि त्यावरून पाणी आडवे उसळत होते. इंजिन बंद पडले असते, तर बोट तेथे जाऊन आदळली असती.

मी अंगातला कोट काढून डिस्ट्रिब्यूटरवर घातला आणि दोन्ही हातांनी तो धरून ठेवला. इंजिन थोडे सावरले, पण कोट भिजत होता.

"महादू, इंजिन कमी कर," मी म्हणालो.

"कमी केलं तं वळत नाई, सर. तुमीच सांगतलं."

"वळवू नकोस. नाक प्रवाहाकडे सरळ धर आणि अर्ध्यावर ठेव."

त्याने तसे केले. दाब कमी झाला, तसा फवारा खाली आला. पण अर्ध्या जोरावर बोट प्रवाहाला पुरी पडत नव्हती. काठावरची बाभळीची रांग हळूहळू पुढे सरकत होती, म्हणजे आम्ही मागे, रपट्याकडे जात होतो. मला कोट सोडता येत नव्हता. महादूला दांडा सोडता येत नव्हता.

कमलबाई उठल्या. त्यांनी पेटी उघडून रबरी कापड काढले. बाळंतपणात खाली अंथरतात, ते. मग बँडेजचे दोन गुंडाळे काढले आणि गुडघ्यांवर बसत मागे सरकल्या.

"महादूभाऊ, मी सांगेपर्यंत दांडा हलवू नका. बोटं जातील माझी."

"नाई हलवत, बाई."

"घट्ट बांधा," मी म्हणालो. "जितके घट्ट बांधता येईल, तितके."

"घट्ट बांधलं तर सांधा वळणार कसा?" त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

रबरी कापडाची चौघडी त्यांनी चिरेवर ठेवली. तोंडावर पाणी येत होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता. मग त्यांनी बँडेज नळाभोवती एक वेढा, तिरपे खाली, नॉझलभोवती एक वेढा, तिरपे वर, असे आठाच्या आकड्यात घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक फेरा चिरेवरून तिरपा जात होता आणि वळण्याची जागा मोकळी राहत होती. दुसरा गुंडाळा संपत आला, तेव्हा रपट्याचा आवाज मला इंजिनापेक्षा मोठा ऐकू येत होता.

"आता हळूहळू वाढवा," त्या म्हणाल्या.

महादूने थ्रॉटल वाढवला. बँडेज फुगले, चारी बाजूंनी पाझरू लागले, पण फवारा उडाला नाही. महादूने दांडा जपून उजवीकडे घेतला, मग थोडा डावीकडे. नॉझल वळले. बाभळी थांबल्या, आणि मग मागे जाऊ लागल्या. टाकळीच्या काठाला लागेपर्यंत मी कोट धरूनच होतो.

कमलबाईंनी पदर पिळला आणि पेटी घेऊन गावात गेल्या. तेथे तीन बायका त्यांची वाट पाहत होत्या. मी आणि महादू सोंडेपाशी बसलो. मी चामड्याला हात लावून पाहिला. कड्यांखालचा भाग लाकडासारखा कडक होता.

"हे असे कसे झाले?" मी विचारले.

"सुकलं."

"पण रोज तर बोट पाण्यात असते."

"बोट असते. सोंड मी रोज काढून पुसत होतो अन् उन्हात ठेवत होतो. येकही दिवस खाडा नाई."

"कशासाठी?"

महादूने माझ्याकडे पाहिले. "तुमी लिहून देलं. सात नंबरावर. काम झाल्यावर प्रत्येक भाग पुसून कोरडा ठेवावा."

ते माझेच वाक्य होते. आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर ते टांगलेले होते आणि मी ते तेथून जसेच्या तसे उतरवले होते. लोखंडासाठी ते योग्य आहे.

"मोटेची सोंड तुम्ही उन्हात सुकवता का, महादू?"

"छे. चालू हंगामात सोंड सुकू देत नाईत. येक दिवस मोट बंद असली तं विहिरीत बुडवून ठेवतात. अन् आठवड्यातून एरंडेल."

"मग हे तुला ठाऊक होते."

"ठाऊक हाय ना. पोरालेही ठाऊक हाय."

"मग मला बोलला का नाहीस?"

"कागदावर लिहेल होतं, सर. तुमी येवढे शिकेल. मले वाटलं, बोटीचं चामडं येगळं असन."

तो उठला, घरून एरंडेलाची बाटली आणली आणि सोंड न सोडता कडांकडांनी तेल जिरवू लागला. कमलबाई तासाभराने परत आल्या, तोवर चामडे बरेच मऊ झाले होते. परतीचा प्रवास अर्ध्या जोरावर, सरळ आणि सावकाश झाला. आम्ही ठरल्या घाटाच्या बरेच खाली लागलो, पण रपट्याच्या वर.

डॉक्टरसाहेब काठाने चालत आले. त्यांनी वाकून बँडेज पाहिले. दोन बोटांनी त्याचा एक फेरा उचलून पाहिला.

"हे कोणी बांधलं?"

"मी, सर," कमलबाई म्हणाल्या.

"कोपराचं आहे."

"हो. सांधा वळता ठेवायचा होता."

डॉक्टरसाहेब डेप्युटीसाहेबांकडे वळले. "तुमच्या बोटीपेक्षा आमची नर्स खात्रीची दिसते."

डेप्युटीसाहेबांचा चेहरा उतरला. मी पुढे झालो आणि घडले ते क्रमाने सांगितले. दोष रचनेचा नाही, चालवणाऱ्याचा नाही, चुकीची सूचना मी लिहून दिली होती, हे सांगितले. डॉक्टरसाहेबांनी ऐकून घेतले आणि विचारले, "चामडं ओलं ठेवलं तर किती टिकेल?"

मी उत्तर देणार होतो. मग थांबलो आणि महादूला म्हणालो, "तूच सांग."

"दोन हंगाम तं कुठंच जात नाई, साहेब," महादू म्हणाला. "एरंडेल भेटलं पाहिजे."

डॉक्टरसाहेबांनी तेथेच कमलबाईंच्या पेटीवर कागद ठेवून शेरा लिहिला. चार गावे कमलबाईंकडेच राहतील. बोटीत एक तयार सोंड जादा ठेवावी, आणि एरंडेल उपकेंद्राच्या साठ्यातून द्यावे. एरंडेल औषध म्हणून तेथे असतेच, त्यामुळे त्याला वेगळी मंजुरी लागली नाही.

पुढे नदीवर पूल होईपर्यंत ती बोट चालली. दर दोन वर्षांनी सोंड बदलत असत. गोळ्याचे नॉझल मी अमरावतीला परत नेले. ते पुष्कळ वर्षे वर्कशॉपच्या कपाटात होते आणि ते पाहून विद्यार्थी लेथकामाची तारीफ करीत. कमलबाई पुढे बढतीवर दुसरीकडे गेल्या. टाकळीतली पुष्कळ मुले त्यांच्या हातची होती. त्यांत महादूचे दोन नातू होते.

त्या वर्षापासून मी एक गोष्ट बदलली. वर्गात सूचना लिहून दिल्या, की शेवटी विचारत असे: यातली कोणती सूचना तुम्हाला चुकीची वाटते? पहिली काही वर्षे कोणीही हात वर केला नाही. माझ्या वर्गाची शिस्त फार चांगली होती. तोच तिचा दोष होता, आणि तो काढायला मला गोळ्याच्या नऊ दिवसांपेक्षा बराच जास्त वेळ लागला.